थप्पड लक्षात राहिली, स्कूटर विसरलो

दर दोन जानेवारीला आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक मजकूर न चुकता येतो. रमाकांत आचरेकर सर २ जानेवारी २०१९ ला गेले, त्यामुळे त्या दिवशी येतो. गुरुपौर्णिमेला येतो आणि पाच सप्टेंबरलाही येतो. त्यात काय असतं ते तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. लहानगा सचिन सामना बुडवून दुसऱ्यांचा खेळ बघायला गेला, सरांनी त्याला एक ठेवून दिली, आणि त्या थपडेतून पुढचा इतिहास घडला. खाली हात जोडलेली चित्रं. यंदा त्याखाली आमच्या एका भाऊजींनी (मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेत) लिहिलं, "आता पोट्ट्यांले हात लावाची सोय नाही राहिली, मंग कुठून होईन सचिन?" त्यावर चौदा अंगठे!

भाऊजी, तुमचा मान राखून सांगते, हे मला पटत नाही. नुसतं पटत नाही असं नाही, याचा मला राग येतो. मुंबईच्या एका शाळेच्या क्रिकेट प्रशिक्षकाच्या पन्नासेक वर्षांच्या कामातून आपण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लोकांनी काय उचललं? तर एक थप्पड. कारण ती फुकट आहे. तिला पेट्रोल लागत नाही, पहाटे उठावं लागत नाही, कुठल्या खर्चाला मंजुरी लागत नाही.

आधी तो किस्साच नीट वाचा की. सचिनने स्वतः तो अनेकदा सांगितला आहे. शारदाश्रमच्या मोठ्या मुलांचा हॅरिस शील्डचा अंतिम सामना वानखेडेवर होता. तो बघायला, टाळ्या वाजवायला सचिन गेला. त्याच दिवशी सरांनी त्याच्यासाठी दुसरीकडे एक सराव सामना ठरवून ठेवला होता. तिथल्या कप्तानाशी बोलून याला चौथ्या क्रमांकावर खेळवायचं हेही पक्कं केलं होतं. सरांनी विचारलं, आज किती केल्यास? तर हा म्हणतो, मी इथे आलो. मग थप्पड. आता सांगा, या गोष्टीत महत्त्वाचं काय आहे? एका शाळकरी पोरासाठी एक मोठा माणूस आदल्या दिवशी मैदान बघतो, संघ बघतो, कोणाशी तरी बोलून त्याची जागा राखून ठेवतो. थप्पड त्यानंतरची. ज्या शाळेने वर्षभरात पोरासाठी एकही सामना ठरवला नाही, तिने बुडवलेल्या सामन्याबद्दल कान उपटायचा हक्क कुठून आणायचा?

आणि मारायचंच म्हणाल तर आम्हीही खाल्लाय की मार. आमच्या शाळेत (नाव घेत नाही) पीटीचे सर परिपाठाला रांग वाकडी झाली की अख्ख्या ओळीच्या पोटऱ्यांवर ओली छडी मारत. पाचवी ते दहावी, सहा वर्षं. त्या सहा वर्षांत शाळेबाहेरच्या मैदानावर मी किती सामने खेळले? दोन. दोन्ही खो-खोचे, दोन्ही हरलो, दोन्ही वेळा दुपारी बाराच्या आत घरी. मार भरपूर मिळाला, सचिन काही झाला नाही कोणी.

आता स्कूटरबद्दल. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निवृत्तीचं भाषण करताना सचिनने थपडेचं कौतुक केलं नव्हतं, स्कूटरचं केलं होतं. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, एका दिवसात दोन-दोन सामने खेळवायला. का? कारण नेटमध्ये बाद झालं तरी पुन्हा उभं राहता येतं, सामन्यात नाही. पोराला सामन्याची सवय लागली पाहिजे, हा त्यांचा सगळा सिद्धांत. आत्मचरित्रात सचिनने आकडाच दिलाय: उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सराव सामने! सकाळी सराव, मग सामना, संध्याकाळी परत नेट. शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं. जो गोलंदाज बाद करील नाणं त्याचं, शेवटपर्यंत कोणी बाद केलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. रुपयात काय येत होतं तेव्हा? पण दमून गेलेल्या पोराला शेवटची पंधरा मिनिटं जीव लावून खेळायला तेवढं पुरलं.

हे सर स्वतः काही मोठे खेळाडू नव्हते बरं का. जन्म १९३२ चा, मालवणकडचे. प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, तोही स्टेट बँकेच्या संघाकडून, हैदराबादला मोईन-उद-दौला स्पर्धेत. नोकरी बँकेत. म्हणजे घर चालायचं बँकेच्या पगारावर, आणि पहाट, संध्याकाळ, सुट्टी सगळी शिवाजी पार्कवर. शाळा होती शारदाश्रम, शिवाय स्वतःचा कामत मेमोरियल क्लब. शाळेचे सामने संपले की क्लबचे, असं वर्षभर काहीतरी चालूच. द्रोणाचार्य १९९० मध्ये मिळाला, पद्मश्री २०१० मध्ये. ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कच्या पाच नंबरच्या गेटजवळ त्यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. छानच झालं. पण स्मारक बघून आपल्याकडच्या कुठल्या शाळेला दोन जास्तीचे सामने मिळाले नाहीत.

कोणी म्हणेल, सचिन हाताला लागला की कोणीही गुरु होतो. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण एका सचिनवरून खरंच काही सिद्ध होत नाही. म्हणून सचिनला बाजूला ठेवू. रामनाथ पारकर, बलविंदर संधू, लालचंद राजपूत, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, कांबळी, आगरकर, बांगर, रमेश पवार. आणि यातले पुढे काय झाले ते बघा. राजपूत अफगाणिस्तानचे प्रशिक्षक होते, त्याच काळात २०१७ मध्ये त्या देशाला कसोटीचा दर्जा मिळाला. बांगर २०१४ ते २०१९ भारताचे फलंदाजी प्रशिक्षक. पवार महिला संघाचे. म्हणजे सरांनी नुसते खेळाडू काढले नाहीत, पुढच्या पिढीला शिकवणारे लोक काढले. माझ्या मते त्यांची खरी मिळकत ही.

यातला एक तर आपल्याच दाराशी आला होता! रणजी करंडकाची अंतिम फेरी विदर्भाने कधी पाहिलीसुद्धा नव्हती. २०१७-१८ च्या मोसमात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि लागोपाठ दोन वर्षं रणजी आणि दोन वर्षं इराणी करंडक नागपूरला आला. हीच माती, हीच पोरं, हेच ऊन. तोवर आपण काय म्हणत होतो? "विदर्भाच्या पोट्ट्यांत ते नाही." ते होतंच, फक्त कोणी हात लावला नव्हता (भाऊजी, हा वेगळा हात). आणि उमेश यादव आठवा. कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, टेनिस बॉलवर वाढलेला. लेदरचा चेंडू त्याच्या हाती आला तेव्हा तो विशीच्या आसपास होता. तरी २०११ मध्ये कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू झाला. त्याचं कौतुक करताना आपण विसरतो की तो शाळेमुळे नाही, शाळेत काहीही मिळालं नसताना झाला. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूरच्या खाण-वसाहतींत असे किती टेनिस बॉलवरच थांबले, ते मोजायला गेलेलंच नाही कोणी.

अमोल मुझुमदारचं नाव मी वर मुद्दाम घेतलं नाही. फेब्रुवारी १९८८ ची आझाद मैदानावरची ती ६६४ धावांची भागीदारी: कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला पोरगा म्हणजे मुझुमदार. बसूनच राहिला. पुढे रणजीत पहिल्याच सामन्यात २६०, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, पण भारताकडून एकही सामना नाही. आपल्या हिशेबात असा मुलगा "वाया गेला". तोच मुझुमदार २ नोव्हेंबर २०२५ ला भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता.

आणि कांबळी. त्याचंही बोललं पाहिजे, नाहीतर हा नुसता आरती ओवाळण्याचा कार्यक्रम होईल. सतरा कसोटी, ५४ च्या वर सरासरी, आणि तेविसाव्या वर्षी कसोटी कारकीर्द संपलेली. स्मारकाच्या कार्यक्रमात तो दिसला तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हीच शाळा, हेच सर, हीच शिस्त. थपडेने माणूस घडतो म्हणणाऱ्यांनी या दोघांचं उत्तर द्यावं. पंधराव्या वर्षापर्यंत प्रशिक्षक पोराला जे देऊ शकतो ते सरांनी दोघांनाही दिलं. पुढचं आयुष्य शाळेच्या हातात नसतं.

आता आपल्याकडे वळू. शालेय स्पर्धा कशा होतात? तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. कबड्डी असो, खो-खो असो, सांघिक खेळांत सगळं बाद पद्धतीने. हरला की घरी. तालुक्याला सोळा शाळा आल्या तर आठ शाळांचं वर्ष पहिल्या सामन्यातच संपतं. साधा हिशेब आहे, करून बघा. आणखी चार शाळा दुसऱ्या सामन्यात गळतात. म्हणजे सोळातल्या बारा शाळांची पोरं वर्षात एक किंवा दोन सामने खेळतात. तिकडे साठ दिवसांत पंचावन्न! वर आपण सल्ला देतो, "मेहनत कर बेटा". चार-चार शाळांचे गट पाडून साखळी सामने घेतले तर सगळ्यात कच्च्या शाळेलाही तीन सामने मिळतात. त्याला नवीन मैदान लागत नाही, जास्तीचा एक दिवस लागतो. पण तो दिवस कोणालाच नको असतो. स्पर्धा "उरकायची" असते. हा शब्द मी स्वतः ऐकलाय, माइकवरून.

जिल्हास्तराचं तर विचारूच नका. शिवाजी पार्क ते आझाद मैदान हे अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटर. भामरागडहूनही पावणेदोनशेच्या घरात. या स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, तेव्हा पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे गडचिरोलीत कोणालाही विचारा. चौदा वर्षांची बारा पोरं, एक शिक्षक, एसटी, मुक्काम, जेवण. एवढं करून पोचायचं आणि वीस मिनिटांत हरून परत निघायचं. मग पुढच्या वर्षी मुख्याध्यापक म्हणतात, "राहू द्या जी, काय उपयोग." मी त्यांना दोष देत नाही. मुलं हरतात म्हणून नेत नाहीत, आणि नेत नाहीत म्हणून हरतात. यातून बाहेर काढणारी स्कूटर हवी. आपल्याकडे ती स्कूटर म्हणजे एसटीचं भाडं, किंवा गावातली काळी-पिवळी, किंवा एखादी सरकारी जीप.

बरं, नेणार कोण? शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा भाऊजींना आवडत नाही, कारण त्याच्या सतराव्या कलमाने शिक्षा बंद केली. मला तो दुसऱ्या कारणासाठी खटकतो. त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभराच्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत. अंशकालीन! आणि तेही शंभराच्या वर पट असेल तर. आमच्या जंगलपट्ट्यातल्या वस्तीशाळांचा पट किती असतो? तीस, चाळीस. म्हणजे ज्या गावात पोरं रोज सकाळी दोन मैल चालतात, झाडावर चढतात, पोहतात, तिथे कायद्यानेच खेळाचा माणूस नाही. आणि जिथे पीटीचे सर आहेत तिथे त्यांच्याकडे पोषण आहाराचं रजिस्टर, मतदार यादी, ऑनलाइन माहिती भरणं, आणि कोणी रजेवर गेलं की त्याचा तास. उरलेल्या वेळात पंधरा ऑगस्टची परेड. आचरेकर सरांनाही यात बसवलं असतं तर त्यांनी काय केलं असतं? रांग सरळ केली असती, दुसरं काय.

गंमत म्हणजे (गंमत कसली) आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे जी सरांना मुंबईत महत्प्रयासाने जमवावी लागली. सचिनची शाळा त्यांनी बदलायला लावली. वांद्र्याहून बसची ये-जा झेपेना, म्हणून पोरगा आई-बाप सोडून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. कशासाठी, तर पोरगा मैदानाजवळ असावा म्हणून. आपल्या आश्रमशाळांतली मुलं मैदानाशेजारीच झोपतात! पहाटे पाचला तिथेच, संध्याकाळी तिथेच, रविवारी तिथेच. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर, असे पाच आदिवासी विकास प्रकल्प या दोन जिल्ह्यांत आहेत, प्रत्येकाखाली कितीतरी शाळा. शाळा-शाळांमध्ये आठवड्याला सामने लावायला याहून सोयीची रचना देशात कुठे सापडेल? आणि आपण तिथे वर्षातून एकदा प्रकल्पस्तरीय स्पर्धा घेतो, झेंडा, संचलन, पाहुण्यांची भाषणं, तीन दिवसांत मोकळे.

मुलांत दम नाही असं म्हणायची तर सोयच राहिलेली नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर जाऊन आली. मिशन शौर्य. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम. जिवती तालुक्यात डोंगर आहेत, पण बर्फ कुठला? ही मुलं जन्मात बर्फ न बघितलेली. त्यांना निवडलं, शिकवलं, दार्जिलिंगला नेलं, लडाखला नेलं, आणि ती वर गेली. यात कोणी त्यांना कानाखाली मारल्याचं वाचलं नाही. नेलं, हे वाचलं. सरकारने ठरवलं तर सरकारची स्कूटर हिमालयापर्यंत जाते. २०१९ मध्ये राज्यातून आणखी एक तुकडी गेली. मला एव्हरेस्टचा अभिमान आहेच, पण माझं भांडण हे की हिमालयापर्यंत गेलेली गाडी जिवतीहून राजुऱ्याला कबड्डीच्या सामन्यासाठी दर शनिवारी का जाऊ शकत नाही? तिथे फोटो निघत नाही म्हणून?

विसापूरचं क्रीडा संकुलही याच रांगेतलं. सिंथेटिक ट्रॅक झाला, डिसेंबर २०२३ मध्ये तिथे एकोणीस वर्षांखालच्या मुलामुलींची राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली, देशभरातली पोरं बल्लारपुरात उतरली. झकास. असं काही आपल्याकडे झालं की नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. पण कोरपन्याच्या पोरीला त्या ट्रॅकवर आठवड्यातून तीनदा आणणारं कोणी नसेल, तर तो ट्रॅक बल्लारपूर-चंद्रपूरच्या पोरांचा. आणि सकाळी फिरायला येणाऱ्या काकाजींचा.

शेवटी बदली. सर शिवाजी पार्कवर किती वर्षं उभे राहिले याचा विचार करा. पारकर ते आगरकर या दोघांत पंचवीसेक वर्षांचं अंतर. मोठा पोरगा लहानाला शिकवतो, त्याचा भाऊ येतो, आईबापांना सरांचं घर माहीत असतं. आपल्याकडे? जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या खो-खो शिकवणाऱ्या सरांना मी ओळखते (नाव दिलेलं त्यांना आवडणार नाही). शाळा सुटल्यावर पाच वाजता खांब रोवायचे, आणि रविवारी स्वतःच्या खिशातून काळी-पिवळी करून मुलींना शेजारच्या गावी सामना खेळायला न्यायचे. त्या गावात स्पर्धा वगैरे काही नसायची, तिथल्या सरांशी फोनवर ठरवलेला नुसता सामना. चौथ्या वर्षी त्यांच्या मुली विभागापर्यंत गेल्या. पाचव्या वर्षी सरांची बदली. नियमाने झाली, कोणी सूड उगवला असं नाही. पण नियम करताना कोणाच्या डोक्यातही आलं नाही की एका माणसाबरोबर एक संघ बदलून जातोय. नवीन आलेल्या बाईंनी खांब काढून ठेवले, कारण परिपाठाला रांगेच्या मध्ये येत होते.

तेव्हा भाऊजी, तुमचे अजून शिक्षण खात्यात दहा जण ओळखीचे आहेत, त्यांना एवढं विचारा. तालुक्याच्या स्पर्धा साखळी पद्धतीने घ्यायला हरकत कोणाची आहे? ज्याने संघ उभा केला त्या शिक्षकाला, त्याची इच्छा असेल तर, आठ-दहा वर्षं तिथेच ठेवता येईल का? आणि सामन्याला जाण्याचं भाडं शाळेने कुठल्या खर्चात दाखवायचं, ते एकदा लेखी द्या म्हणावं. प्रकल्प कार्यालयांच्या आवारात शनिवारी-रविवारी जीपगाड्या उभ्या असतात, मी अहेरीला जाता-येता बघते. एकीत बारा पोरं दाटीवाटीने बसतात.